चुणीचे मूळ

चित्रकलेच्या तासाला गुरुजी टेबलावर एक तांब्या, दोन मोसंबी आणि त्यांच्या मागे एक कापड मांडतात. तांब्या मुलांना जमतो. मोसंबी तर सहज जमतात. कापडाची पाळी आली म्हणजे मात्र बहुतेकांच्या पेन्सिली अडखळतात. मग कोणी कापड कोरेच सोडून देतो, तर कोणी त्यावर वरून खाली दहापंधरा वाकड्या रेघा ओढतो आणि 'या चुण्या' असे सांगतो. चित्र पुरे होते. परंतु ते कापड पत्र्यासारखे ताठ दिसते, नाही तर झाडाच्या सालीसारखे खरबरीत.

असे का व्हावे? तांब्याला त्याचा ठरलेला आकार आहे. तो कोठेही ठेवला तरी तांब्याच राहतो. कापडाला असा स्वतःचा आकार नाही. ज्यावर टाकावे त्याचे रूप ते घेते; जेथे धरावे तेथून ते लोंबते; जेथे अडते तेथे गोळा होते. म्हणून कापड काढावयाचे असेल तर त्याला कोणी धरले आहे, ते कशावर टेकले आहे आणि कोठे ओढले गेले आहे, हे आधी शोधावे लागते. प्रत्येक चुणीला एक कारण असते. ते कारण सापडले की चुणी आपोआप सापडते. ते न शोधता ओढलेल्या रेघा कितीही नाजूक असल्या, तरी त्या नुसत्या रेघाच राहतात.

आपल्या मराठी भाषेने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली आहे. कापडाच्या वळणांना आपण एकच नाव देत नाही. घडी आपण हाताने घालतो, आणि नवे वस्त्र प्रथम नेसले म्हणजे 'घडी मोडली' असे म्हणतो. निऱ्या बोटांवर घेऊन सारख्या रुंदीच्या केल्या जातात. कापड एका जागी आवळले गेले की तेथे चुण्या पडतात. परकराच्या नाडीजवळ पाहा म्हणजे त्या दिसतील. सुरकुती मुद्दाम कोणी पाडत नाही. कापड चुरगळले की ती पडते. दोन टोकांना धरलेले कापड मध्ये सैल राहिले तर त्याला झोळ येतो, आणि ओले कापड हातांनी फिरवले तर त्याला पीळ बसतो. लुगड्याचा ओचा, पदर आणि कासोटा, तसाच धोतराचा सोगा, या प्रत्येकाचे पडणे निराळे, म्हणून नावही निराळे. ज्याला या शब्दांतील भेद कळला, त्याला पाहावे कसे हे निम्मे कळलेच.

कापड इतके वळते ते त्याच्या विणीमुळे. साध्या विणीत उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. एक रुमाल घ्या आणि तो धाग्यांच्या दिशेने सरळ ओढा. तो फारसा ताणला जाणार नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. तो लांब होईल, कारण धाग्यांच्या बारीक चौकटी तिरप्या होतात. या तिरपेपणामुळेच कापड गोल वस्तूवरही बसते. कागद गुडघ्यावर ठेवून पाहा. तो एका दिशेने वाकतो, परंतु गुडघ्याच्या गोलाईवर बसत नाही. फडके मात्र चटकन बसते.

मुंबईच्या मुलांना तर हे निराळे सांगावयास नको. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे या शहरातील पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला, आणि पुढे परळ, लालबाग व आसपासचा सारा भाग 'गिरणगाव' म्हणून ओळखला जाऊ लागला. मागाला तेथील कामगार 'साचा' म्हणत. १९८२ साली मोठा संप झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. परंतु कापडाला हात लावताच त्याची जात सांगणारी माणसे त्या वस्तीने तयार केली होती. चित्रकाराला हीच पारख लागते. मांजरपाट जाड, त्याला थोड्या आणि रुंद चुण्या पडतात. मलमल तलम, तिला पुष्कळ आणि बारीक चुण्या पडतात. खळ दिलेले कापड कोनाकोनांनी मोडते, धुऊन मऊ झालेले गोलाईने वळते, आणि ओले कापड अंगाला चिकटून अंगाचाच आकार दाखवते. म्हणून कापड काढण्यापूर्वी त्याला एकदा हात लावून पाहावा.

आता चार सोपे प्रयोग करा. त्यांसाठी एक पांढरा पंचा पुरे.

पंचा एका खिळ्याला टांगा. खिळ्यापासून चुण्या खाली पसरत जातील. वर त्या दाट आणि अरुंद, खाली सैल आणि रुंद. येथे आधार एक आहे, म्हणून सर्व चुण्यांची तोंडे त्या एका बिंदूकडे आहेत.

पंच्याची दोन टोके दोन खिळ्यांना अडकवा आणि मध्ये थोडा झोळ ठेवा. आता चुण्या एका आधारापासून निघून दुसऱ्या आधाराकडे झुलत जातील. तोरणासारख्या या वळणांत सर्वांत वरची चुणी उथळ आणि खालची खोल असते. खांद्यावरून घेतलेल्या शालीत हेच वळण दिसते.

पंचा खुर्चीच्या पाठीवर टाका. पाठीच्या वरच्या कडेवर तो घट्ट बसेल व तेथे चुणी जवळजवळ दिसणार नाही. कडेवरून सुटताच मात्र तो नळ्यांसारखा खाली येईल आणि जमिनीला टेकला की नागमोडी होऊन गोळा होईल. ताणलेले, सुटलेले आणि पडलेले, अशा कापडाच्या तीनही अवस्था येथे एकत्र सापडतात.

शेवटी सदऱ्याची लांब बाही घाला आणि कोपर वाकवा. कोपराच्या बाहेरच्या बाजूस कापड ताणले जाते. आतल्या बाजूस ते दबून मोडते. ताण कोपराच्या हाडापासून निघतो, आणि मोड आतल्या खोबणीत येऊन मिळते. बाहीतील सर्व चुण्या या दोन जागांमधील व्यवहार आहेत.

या चार प्रयोगांत जे दिसले तेच साऱ्या जगातील वस्त्रांत दिसते. नवऱ्या मुलीचा शालू असो की हमालाचा अंगरखा, धरलेली जागा, ताणाची वाट आणि पडण्याची जागा या तीन गोष्टी शोधल्या की पुढचा मार्ग मोकळा होतो.

चित्र काढताना हाच क्रम ठेवावा. कापडाखाली जे आहे ते आधी हलक्या हाताने काढावे. खुर्ची असेल तर खुर्ची, गुडघा असेल तर गुडघा. मग आधाराच्या जागांवर बारीक ठिपके द्यावेत. त्या ठिपक्यांपासून ताण कोणत्या दिशेने जातो ते एकेका लांब रेघेने दाखवावे. नंतर कापडाच्या काठाकडे वळावे. काठ हा फार प्रामाणिक साक्षीदार आहे. चुणी उंचावली की तो पुढे येतो, चुणी खोल गेली की तो आत लपतो आणि पुन्हा बाहेर पडतो. लुगड्याच्या जरीच्या काठाकडे पाहा, किंवा चौकड्यांच्या रुमालावरील पट्टे पाहा. कापडाचे सारे चढउतार त्या पट्ट्यांवर जणू लिहून ठेवलेले असतात. पट्टा जेथे तुटलेला दिसतो तेथे एक चुणी दुसरीवर चढलेली असते.

छटा सर्वांत शेवटी द्यावयाच्या. उजेड एकाच बाजूने येईल असे करावे आणि डोळे किंचित मिटून पाहावे, म्हणजे बारीकसारीक सुरकुत्या नाहीशा होतात व मोठे आकार उरतात. प्रथम उजळ, मध्यम आणि गडद अशा तीनच छटा वापराव्यात. गोल चुणीवर उजेडाकडून सावलीकडे जाताना छटा हळूहळू बदलते. इस्त्रीच्या घडीवर ती एकदम बदलते. चुणीच्या खोलात सगळीकडे काळोख असतो असे समजू नका. शेजारच्या चुणीवर पडलेला उजेड उलटून आत येतो, म्हणून सावलीतही एक मंद झाक दिसते. ती ठेवली तर कापड पोकळ आणि जिवंत वाटते; सगळे काळे केले तर तेथे भोक पडल्यासारखे दिसते.

हा अभ्यास मोठमोठ्या कलावंतांनीही चुकवला नाही. इटलीतील लिओनार्दो दा विंची हा १४५२ साली जन्मला. तो तरुणपणी मातीच्या आकृती करून त्यांवर ओल्या मातीत भिजवलेली फडकी पांघरी आणि ती स्थिर झाली म्हणजे तासन्‌तास त्यांची चित्रे काढी, असे वासारी या जुन्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. त्याच्या अशा अभ्यासचित्रांपैकी काही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. त्यांत माणसाचा चेहरा बहुधा नसतोच. असतात केवळ गुडघे, आणि गुडघ्यांवरून ओघळणारे वस्त्र.

आपल्या मुंबईतही याचे एक ठळक उदाहरण आहे. १८५७ साली येथे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तेथील विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन शिकत. त्या पुतळ्यांची वस्त्रे ग्रीक, त्यांचे नेसणेही ग्रीक. गणपतराव म्हात्रे हा १८७६ साली जन्मलेला तरुण याच शाळेत शिकत होता. १८९६ च्या सुमारास, वयाच्या विशीत, त्याने प्लास्टरमध्ये एक पूर्णाकृती पुतळा घडवला. पूजेसाठी देवळाकडे निघालेली एक महाराष्ट्रीय युवती, अंगावर नऊवारी. पुढे हा पुतळा 'मंदिरपथगामिनी' या नावाने प्रसिद्ध झाला. बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले, आणि त्याच्या छायाचित्रावरून रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगालीत गौरवाचा लेख लिहिला.

त्या पुतळ्यात विशेष ते काय? शरीर आणि वस्त्र यांचे नाते पाहण्याची रीत म्हात्रे यांनी ग्रीक नमुन्यांवरून शिकून घेतली. परंतु ग्रीक चुण्या उचलून त्यांनी मराठी मुलीच्या अंगावर घातल्या नाहीत. नऊवारी लुगडे मागे कासोटा घालून नेसतात. त्यामुळे दोन्ही पाय निरनिराळे उमगतात, पाऊल पुढे पडले की मांडीवरचे कापड ताणले जाते आणि निऱ्यांचा भार मध्ये उतरतो. ग्रीक वस्त्रात असे घडत नाही, कारण तेथे कासोटाच नाही. पुतळा ज्या शहरात घडला, त्या शहराच्या गल्लीगल्लीतून लुगडी नेसलेल्या स्त्रिया रोज जात-येत होत्या. शिकण्याची शाळा दूरची असली तरी पाहण्याची वस्तू दारातली असू शकते, हे त्या विशीतल्या मुलाने दाखवून दिले.

चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी हेच काम कुंचल्याने केले. कोल्हापूरहून येऊन १८९० साली ते जे. जे. मध्ये दाखल झाले आणि तेथेच पुढे शिक्षक झाले. त्या काळाच्या आठवणी त्यांनी 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' या पुस्तकात लिहिल्या आहेत. ऑटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील १९२० सालच्या इंग्रजी पुस्तकात धुरंधरांनी नाना जातीजमातींच्या स्त्रिया रंगवल्या. कोणाचा पदर डाव्या खांद्यावर, कोणाचा उजव्या. कोणाचे वस्त्र घोट्यापर्यंत, कोणाचे कामासाठी वर खोचलेले. नेसणे बदलले की चुणी बदलते, हे त्यांच्या नजरेने अचूक टिपले आहे.

कापडाच्या जाडीप्रमाणे चुणी बदलते, हे पाहावयाचे असेल तर फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. तेथे गांधार देशातील मूर्ती आहेत. हा प्रदेश आज पाकिस्तान व अफगाणिस्तान यांत मोडतो. तेथील शिल्पकारांनी बुद्धाचे वस्त्र जाड दाखवले. त्याच्या चुण्या ठळक आणि खोल आहेत. याउलट काशीजवळ सारनाथ येथे पाचव्या शतकात घडलेल्या बुद्धमूर्तींच्या वस्त्राला जवळजवळ चुणीच नाही. गळ्याशी एक बारीक रेषा आणि हातांखाली उतरणारा काठ, एवढ्यावरूनच वस्त्र आहे असे कळते. एका कलावंताने दाखवून सांगितले, दुसऱ्याने वगळून सांगितले. कोठे थांबावे हे कळणे हाही या कलेचाच भाग आहे.

उजेडाचा धडा सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या एका जलरंगचित्रात मिळतो. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचे असून 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते ओळखले जाते. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात ते आहे. चित्रासाठी हळदणकरांनी आपल्या कन्येलाच उभे केले होते. एका हातात दिवा आणि ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा, एवढाच प्रसंग. दिव्याचा प्रकाश लहान. तो जवळच्या वस्तूंवर पडतो आणि दूर जाताना विरत जातो. म्हणून चेहरा, बोटे आणि ज्योतीजवळचे वस्त्र उजळले आहे, तर उरलेले वस्त्र हळूहळू अंधारात मिसळले आहे. जेथे उजेड नाही तेथे चुणी मोजून दाखवण्याचा हट्ट चित्रकाराने धरला नाही.

इतक्या दूर जाणे ज्यांना शक्य नाही त्यांनी गणेशोत्सवापूर्वी परळ-लालबागच्या मूर्तिशाळा पाहाव्यात. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा सार्वजनिक उत्सव १८९३ सालचा, लालबागचा राजा १९३४ सालचा. या परंपरेबरोबर मूर्तिकारांचे हातही पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. बैठ्या मूर्तीचे पीतांबर नीट न्याहाळा. उत्तम मूर्तीत गुडघ्यावर कापड ताणलेले व गुळगुळीत असते. चुण्या गुडघ्यापासून निघून मांडीच्या खालच्या बाजूस आणि पावलांकडे उतरतात, आणि सोगा दोन पायांमध्ये थरथरांनी पडतो. रंग, जर आणि खडे चढल्यावर ही कामगिरी पुष्कळदा झाकली जाते. परंतु माती ओली असताना तेथे गुडघा नीट घडला नसेल, तर वरचे कितीही सोनेरी पीतांबर त्याला सावरू शकत नाही.

मुलांनो, कापडाच्या चुण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे तुमच्यापैकी कोणाला वाटेल. दादर स्टेशनावर क्षणभर उभे राहून पाहा. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईचा पदर कमरेला घट्ट खोचलेला असतो आणि तिच्या उंचावलेल्या हाताकडे चोळीचा ताण गेलेला असतो. दिवसभर बसून काम केलेल्या कारकुनाच्या सदऱ्याला पाठीवर आडव्या सुरकुत्या असतात. जड दप्तर एकाच खांद्यावर घेणाऱ्या मुलाच्या गणवेशातील सगळ्या चुण्या त्या खांद्याकडे धावतात. ही माणसे काही बोलत नाहीत. त्यांचे श्रम त्यांच्या वस्त्रांवर उमटलेले असतात. मनाने ठरवून ओढलेल्या दहा रेघा त्यांतील एकही गोष्ट सांगू शकणार नाहीत. ज्याने चुणीचे मूळ शोधले त्याच्या चित्रात मात्र ती बाई, तो कारकून आणि तो मुलगा खरोखर उभे राहतात. वस्त्र नीट काढणे म्हणजे वस्त्रातील माणसाकडे नीट लक्ष देणे होय.

शब्दार्थ

ताणा – कापडातील उभे धागे. बाणा – कापडातील आडवे धागे. मांजरपाट – जाडेभरडे सुती कापड. खळ – कापडाला ताठरपणा आणण्यासाठी देतात ती पेज. ओचा – लुगड्याच्या निऱ्यांचा कमरेपाशी पुढे खोचलेला भाग. कासोटा – लुगड्याचा किंवा धोतराचा मागे नेऊन खोचलेला भाग. सोगा – नेसलेल्या वस्त्राचे पुढे लोंबणारे टोक. पूर्णाकृती – माणसाएवढी, सबंध देहाची.

अभ्यास

१. तांब्या काढणे सोपे व कापड काढणे अवघड, असे लेखकाने का म्हटले आहे?

२. कागद गुडघ्यावर बसत नाही, पण फडके बसते. याचे कारण पाठाच्या आधारे सांगा.

३. 'काठ हा फार प्रामाणिक साक्षीदार आहे.' हे वाक्य स्पष्ट करा.

४. म्हात्रे यांनी ग्रीक पुतळ्यांकडून काय घेतले आणि काय घेतले नाही? तुमच्या शब्दांत आठ-दहा ओळी लिहा.

५. गांधार आणि सारनाथ येथील बुद्धमूर्तींच्या वस्त्रांतील फरक सांगा.

६. 'घडी घालणे' व 'सुरकुती पडणे' यांतील क्रियापदांचा भेद लक्षात घ्या. असा भेद असलेल्या आणखी दोन जोड्या शोधा व वाक्यांत उपयोग करा.

७. पुढील शब्द वाक्यांत वापरा : निऱ्या, झोळ, पीळ, घडी मोडणे.

८. उपक्रम : घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला लुगडे, साडी किंवा धोतर नेसताना कोणकोणते शब्द वापरतात ते विचारा आणि त्यांची यादी करा. त्यांपैकी एका भागाचे, आधाराची जागा दाखवून, पेन्सिलीने रेखाटन करा.